केंटो मोमोता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बॅडमिंटनची मोठी स्पर्धा जवळ आली की मोमोताबद्दल ठरावीक प्रश्न येऊ लागतात. काही अगदी प्राथमिक असतात, काही चांगलेच खोचक. सगळ्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यात येऊन गेलं असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. हा मोमोता नेमका कोण? दोन ओळींत सांगा.

जपानचा डावखुरा पुरुष एकेरी खेळाडू. जन्म १ सप्टेंबर १९९४, शिकोकू बेटावरच्या कागावा प्रांतात. २०१८ आणि २०१९ असा लागोपाठ दोनदा जगज्जेता. जागतिक क्रमवारीत पहिला क्रमांक गाठणारा पहिला जपानी पुरुष. एका वर्षात ११ विजेतीपदं. ऑलिम्पिक पदक मात्र एकही नाही. एप्रिल २०२४ मध्ये आंतरराष्ट्रीय बॅडमिंटनमधून निवृत्ती. दोन ओळींपेक्षा जास्त झालं खरं, पण यातलं काही गाळण्यासारखं नव्हतं.

२. सिंधूला ग्लासगोच्या त्या लांबलचक फायनलमध्ये याच मोमोताने हरवलं ना?

नाही. ती नोझोमी ओकुहारा. २०१७ ची जागतिक स्पर्धा, महिला एकेरीचा अंतिम सामना, २१-१९, २०-२२, २२-२०, आणि जवळपास दोन तास चाललेलं ते युद्ध. मोमोता पुरुष एकेरीतला. त्या ऑगस्टमध्ये तो ग्लासगोत खेळतही नव्हता. का, ते प्रश्न ८ आणि १० मध्ये आहे. "जपानी जगज्जेता" म्हटलं की आपल्याकडे ओकुहारा, अकाने यामागुची आणि मोमोता या तिघांची सरमिसळ होते. तिघंही साधारण एकाच वयोगटातले, त्यामुळे ते साहजिकही आहे.

३. त्याचं नाव सुपरमॅनवरून ठेवलंय हे खरं की गंमत?

खरं आहे. सुपरमॅन एरवी क्लार्क केंट या नावाने वावरतो, त्यातल्या "केंट"वरून वडिलांनी मुलाचं नाव केंटो ठेवलं. मोमोता हे आडनाव. जपानीत आडनाव आधी येतं, म्हणून तिकडच्या फलकांवर ते "मोमोता केंटो" असं दिसतं.

४. बॅडमिंटन कुठे शिकला? अकादमीत होता का?

सुरुवात घरातूनच झाली. मोठी बहीण खेळायची, तिच्या मागे लागून प्राथमिक शाळेत असतानाच त्याच्या हातात रॅकेट आली. पुढचा निर्णय मोठा होता. माध्यमिक शाळेच्या वयात तो घर सोडून शेकडो किलोमीटर लांब, फुकुशिमा प्रांतातल्या तोमिओका गावी शिकायला गेला. तिथली शाळा बॅडमिंटनसाठी नावाजलेली होती आणि इंडोनेशियन प्रशिक्षक मुलांना शिकवत असत. राहणं वसतिगृहात, सकाळ-संध्याकाळ सराव आणि मधे वर्ग.

जपानी पद्धत आपल्यापेक्षा निराळी आहे. तिथे खेळाडू आधी शाळेच्या संघातून घडतो आणि मग एखाद्या कंपनीच्या संघात नोकरीला लागतो. आपल्याकडे रेल्वे किंवा पेट्रोलियम कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देतात, पण तिथे कंपनीचा संघ हेच खेळाडूचं रोजचं घर असतं. सराव, स्पर्धा आणि पगार सगळं तिथेच. मोमोता शाळा संपवून २०१३ मध्ये एनटीटी ईस्ट या दूरसंचार कंपनीत दाखल झाला. ही नोकरी पुढे प्रश्न ९ मध्ये महत्त्वाची ठरते.

५. २०११ च्या भूकंपात तो तिथेच होता का?

११ मार्च २०११ ला तो सरावासाठी इंडोनेशियात होता. तोमिओका गाव मात्र फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांच्या अगदी लगत. त्सुनामी आली, पाठोपाठ किरणोत्सारामुळे गाव रिकामं करावं लागलं. मोमोताला परत त्या वसतिगृहात जाताच आलं नाही. बॅडमिंटनचा संघ मग त्याच प्रांतात आत, डोंगराकडच्या इनावाशिरो गावी हलवला गेला आणि तिथे उसन्या जागेत सराव सुरू झाला.

पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, त्याने जपानमधल्या चिबा इथे जागतिक कनिष्ठ विजेतेपद जिंकलं. फुकुशिमाचे लोक त्याला आजही आपला मानतात ते यामुळे. पुढे तो जगज्जेता झाल्यावर जपानी वृत्तपत्रांनी कागावाइतकंच फुकुशिमाचं नाव घेतलं.

६. भारतात तो कधी खेळला आहे का?

हो, आणि त्याच्या कारकिर्दीतले दोन निर्णायक क्षण दिल्लीतलेच आहेत.

पहिला मे २०१४ मधला. थॉमस कप, म्हणजे पुरुषांची सांघिक जागतिक स्पर्धा, त्या वर्षी दिल्लीच्या सिरी फोर्ट संकुलात झाली. उपांत्य फेरीत जपानने चीनला ३-० असं उडवलं. २००४ पासून कप चीनकडेच होता, त्यामुळे हा निकाल कुणाच्याच हिशेबात नव्हता. अंतिम सामना मलेशियाशी. पहिली एकेरी मलेशियाच्या ली चोंग वेईने जिंकली, दुसऱ्या एकेरीत १९ वर्षांच्या मोमोताने चोंग वेई फेंगला हरवलं आणि २-२ बरोबरीनंतर ताकुमा उएदाने शेवटचा सामना काढला. जपानचा तो पहिला थॉमस कप.

दुसरा क्षण ३ एप्रिल २०१६ चा. इंडिया ओपनच्या अंतिम सामन्यात मोमोताने डेन्मार्कच्या व्हिक्टर ॲक्सेलसेनला २१-१५, २१-१८ असं हरवलं. रिओ ऑलिम्पिक चार महिन्यांवर होतं आणि पदकाच्या दावेदारांत त्याचं नाव पहिल्या तीन-चारांत घेतलं जात होतं. तो आठवडा संपायच्या आत काय झालं ते प्रश्न ८ मध्ये वाचा.

७. २०१६ च्या बंदीच्या (प्रश्न ८ आणि ९) आधीही तो इतका मोठा होता का? की नंतर मोठा झाला?

आधीही होता. २०१५ हे त्याचं पहिलं मोठं वर्ष. सिंगापूर ओपन जिंकून सुपर सिरीज या तेव्हाच्या अव्वल स्पर्धामालिकेत पुरुष एकेरी जिंकणारा तो पहिला जपानी ठरला. जूनमध्ये इंडोनेशिया ओपन, ऑगस्टमध्ये जाकार्तालाच जागतिक स्पर्धेत कांस्य, डिसेंबरमध्ये दुबईत सुपर सिरीज फायनल्स. ते कांस्य म्हणजे जागतिक स्पर्धेच्या पुरुष एकेरीत जपानला मिळालेलं पहिलं पदक. वर्षअखेरीस वय २१.

तेव्हाचा मोमोता मला नंतरच्या मोमोतापेक्षा जास्त बेधडक वाटतो. केस रंगवलेले, अंगावर झगमगाट, जिंकल्यावर ओरडणं. मुलाखतीत तो उघड म्हणायचा की चांगलं खेळलं की पैसा आणि चैन मिळते हे मुलांना दिसलं पाहिजे. जपानी क्रीडाजगतात असं बोलणं खपत नाही, पण जिंकत होता तोवर सगळ्यांनी चालवून घेतलं.

८. जुगाराचं प्रकरण नेमकं काय होतं?

एप्रिल २०१६ मध्ये उघड झालं की एनटीटी ईस्टचे दोन खेळाडू, मोमोता आणि त्याचा सीनियर केनिची तागो, टोकियोतल्या बेकायदा कसिनोत जात होते. दोघं तेव्हा मलेशिया ओपनसाठी परदेशात होते, त्यांना तातडीने मायदेशी बोलावलं गेलं. सूट घालून, मान खाली घालून दोघांनी कॅमेऱ्यांसमोर माफी मागितली. मोमोताने सुमारे पाच लाख येन हरल्याचं कबूल केलं. तागोची रक्कम कैक पटींनी मोठी, कोटीच्या घरात होती. तागो हा साधासुधा खेळाडू नव्हे. ऑल इंग्लंड या मानाच्या स्पर्धेचा २०१० चा उपविजेता. ज्युनियरला त्या अड्ड्यावर नेणाराही तोच. पत्रकारांसमोर तो मोमोताला खेळू द्या म्हणून रडला.

जपानमध्ये घोड्यांच्या शर्यती, सायकल शर्यती, लॉटरी असा सरकारमान्य जुगार चालतो. कसिनो तेव्हा बेकायदा होते. त्याहून जपानी समाजाला खुपलं ते असे अड्डे चालवणाऱ्या टोळ्यांशी राष्ट्रीय खेळाडूचा संबंध येणं. रक्कम किती हा मुद्दा तिथे दुय्यम होता.

९. म्हणजे मॅच फिक्सिंग होतं? बंदी जागतिक महासंघाने घातली का?

दोन्हीचं उत्तर नाही. स्वतःच्या किंवा कुणाच्याही सामन्यावर पैसे लावल्याचा आरोप झालेला नाही. उत्तेजकांचाही काही संबंध नाही. बंदी घातली जपानच्या राष्ट्रीय संघटनेने, आणि ती बेमुदत होती. कंपनीने स्वतंत्रपणे कारवाई केली. तागोला एनटीटी ईस्टने काढून टाकलं. मोमोताची नोकरी काही काळाच्या निलंबनावर निभावली.

"बेमुदत" या शब्दामुळे बऱ्याच जणांना वाटतं की आजीवन बंदी होती आणि नंतर कुणाचं तरी मन द्रवलं. तसं नाही. मुदत न ठरवलेली ती बंदी होती आणि वर्तन पाहून ती मे २०१७ मध्ये उठवली. साधारण तेरा महिने. रिओला जपानतर्फे पुरुष एकेरीत शो सासाकी गेला.

नोकरी टिकली म्हणून मोमोता टिकला, असं माझं मत आहे. सरावाला कोर्ट होतं, सोबती होते, पगार होता. त्या वर्षात त्याने धावण्याचा आणि ताकदीचा सराव वाढवला. त्याआधी त्याला हेच सगळ्यात नावडतं होतं.

१०. परत आल्यावर तो बेल्जियम, चेक अशा छोट्या स्पर्धा का खेळत होता?

क्रमवारीसाठी. जागतिक क्रमवारी मागच्या ५२ आठवड्यांच्या कामगिरीवर ठरते. वर्षभर खेळलाच नाही म्हटल्यावर गुण शून्यावर आले आणि दुसऱ्या क्रमांकाच्या आसपास असलेला खेळाडू तळाला गेला. मोठ्या स्पर्धांत थेट प्रवेश नाही. मग २०१७ च्या जुलैत कॅनडा ओपन (तिथे अंतिम सामन्यात आपल्याच देशाच्या कांता त्सुनेयामाकडून हरला), पुढे बेल्जियम, चेक, डच आणि मकाऊ अशी पायरी-पायरीने चढण. ज्या हॉलमध्ये प्रेक्षक हाताच्या बोटांवर मोजावेत, तिथे माजी सुपर सिरीज विजेता क्लबच्या पोरांशी खेळत होता.

११. मग एका वर्षात थेट जगज्जेता कसा झाला?

एप्रिल २०१८, वुहान, आशियाई अजिंक्यपद. उपांत्य फेरीत ली चोंग वेई, अंतिम फेरीत चीनचा ऑलिम्पिक विजेता चेन लाँग, दोघांनाही हरवलं. जुलैत इंडोनेशिया ओपन. मग ५ ऑगस्टला नानजिंगमध्ये, चिनी प्रेक्षकांसमोर, चीनच्याच शी युचीला २१-११, २१-१३. जपानचा पहिला पुरुष जगज्जेता. सप्टेंबरमध्ये घरचं जपान ओपन जिंकलं आणि महिना संपायच्या आत क्रमवारीत पहिला.

वर्षाचा शेवट मात्र पराभवाने झाला. वर्ल्ड टूर फायनल्समध्ये शी युचीने नानजिंगचा हिशेब चुकता केला, २१-१२, २१-११. २०१९ चा मोमोता समजून घ्यायचा तर हा पराभव ध्यानात ठेवा. त्यानंतर त्याच्या खेळात आक्रमणाचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

१२. २०१९ मध्ये त्याने ११ विजेतीपदं जिंकली की ९? दोन्ही आकडे वाचले.

दोन्ही बरोबर, मोजण्याची पद्धत वेगळी. बीडब्ल्यूएफ (जागतिक बॅडमिंटन महासंघ) वर्ल्ड टूरमधली नऊ: जर्मन ओपन, ऑल इंग्लंड, सिंगापूर, जपान, चायना, कोरिया, डेन्मार्क, फुझोउ चायना आणि वर्षअखेरची वर्ल्ड टूर फायनल्स. जागतिक अजिंक्यपद आणि आशियाई अजिंक्यपद या दोन स्पर्धा वर्ल्ड टूरचा भाग नाहीत, त्या धरल्या की अकरा. पुरुष एकेरीत एका मोसमातला हा विक्रम आहे. त्याआधीचा ली चोंग वेईच्या नावावर होता. त्या वर्षी खेळलेल्या ७३ सामन्यांपैकी तो फक्त सहा हरला.

यातली बरीच विजेतीपदं रखडत, पहिला गेम घालवून मिळाली आहेत. सिंगापूरला इंडोनेशियाच्या अँथनी गिंटिंगने पहिला गेम २१-१० असा घेतला होता. चायना ओपनमध्ये पुन्हा गिंटिंग, पुन्हा पहिला गेम गेला आणि तिसरा २१-१९ वर सुटला. वर्षअखेरच्या फायनल्समध्ये तिसऱ्यांदा तेच. बिचाऱ्या गिंटिंगने त्या वर्षी सुंदर बॅडमिंटन खेळून तीन मोठे अंतिम सामने गमावले. याउलट बासेलची जागतिक फायनल एकतर्फी. डेन्मार्कच्या अँडर्स अँटनसनला २१-९, २१-३. जगज्जेतेपदाच्या सामन्यात समोरच्याला तीन गुण!

१३. त्याच्या खेळात एवढं काय होतं? स्मॅश तर काही फार जोरदार दिसत नाही.

नव्हताच. उंची पावणेसहा फुटांच्या आसपास. ॲक्सेलसेनसारखा वरून कोसळणारा स्मॅश त्याच्याकडे कधीच नव्हता. त्याचं खरं राज्य नेटजवळ. फुल (शटल) नेटवर येताच तो रॅकेट लवकर पुढे धरायचा आणि क्षणभर थांबायचा. त्या थांबण्यात समोरच्याला ठरवावं लागे की पुढे धावायचं की मागे सरकायचं. त्याने पाय उचलला की मोमोता नेमकं उलट करायचा: कधी नेटला चिकटून लोळवलेलं फुल, कधी शेवटच्या घडीला मनगटाने मागच्या रेषेवर ढकललेलं.

दुसरी गोष्ट बचाव. स्मॅश आला की तो नुसता परतवायचा नाही, तर कुठे आणि किती उंच परतवायचा हे ठरवून खेळायचा. चार-पाच स्मॅश मारून समोरचा दमला की मग वेग वाढायचा. सावकाराच्या व्याजासारखा हा खेळ अंगावर यायचा. पहिल्या गेममध्ये जाणवत नाही, तिसऱ्यात मान वर काढू देत नाही.

तिसरी, चुका नाहीत. फुकटचे गुण तो देतच नसे. डावखुरेपणाचा फायदा होताच, पण तो ज्यादाचा. शिकणाऱ्या मुलांना मी सांगेन की त्याचे स्मॅश बघू नका, प्रत्येक फटक्यानंतर तो मध्यावर कसा परततो ते बघा. पायांचा आवाजसुद्धा येत नाही.

१४. मलेशियातला अपघात कसा झाला?

१२ जानेवारी २०२० ला क्वालालंपूरमध्ये त्याने ॲक्सेलसेनला हरवून मलेशिया मास्टर्स जिंकलं. दुसऱ्या दिवशी पहाटे विमानतळाकडे जाताना त्यांची व्हॅन द्रुतगती मार्गावर पुढच्या ट्रकवर मागून आदळली. चालक जागीच गेला. गाडीत मोमोतासोबत जपान संघाचे दोन सहायक आणि एक तांत्रिक अधिकारी होते. सगळे जखमी झाले. मोमोताच्या चेहऱ्याला मार लागला, नाकाला दुखापत झाली, ओठाला आणि कपाळाला टाके पडले. ऑलिम्पिक तेव्हा सहा महिन्यांवर होतं (साथीमुळे ते पुढे ढकललं जाईल हे कुणाला ठाऊक नव्हतं).

१५. डोळ्याची दुखापत तेव्हाच कळली नव्हती का?

नाही. सुरुवातीच्या तपासण्यांत काही गंभीर निघालं नाही आणि फेब्रुवारीत तो सराव शिबिरात दाखलही झाला. तिथे खेळताना फुल दोन-दोन दिसू लागलं. पुन्हा तपासलं तेव्हा उजव्या डोळ्याच्या खोबणीतलं हाड मोडल्याचं आढळलं. शस्त्रक्रिया झाली. त्या काळात खेळ सोडून द्यावा असं वाटल्याचं त्याने नंतर सांगितलं आहे.

ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेगाने सुटणारं फुल जवळ येईपर्यंत झपाट्याने मंदावतं. ते कुठे असेल याचा अंदाज खेळाडू नजरेने बांधतो. मोमोताचा सगळा खेळ त्या अंदाजावर आणि वेळेवर उभा होता, ताकदीवर नाही. म्हणून ही दुखापत त्याला इतर कुणापेक्षा महाग पडली असं मला वाटतं. शस्त्रक्रियेनंतर दृष्टी सुधारली, सामना खेळायला तो डिसेंबर २०२० मध्ये उतरला आणि राष्ट्रीय विजेतेपद जिंकलंही. जानेवारीत थायलंडला निघताना विमानतळावर कोविडची चाचणी पॉझिटिव्ह आली आणि सगळा जपानी संघ माघारी फिरला. म्हणजे अपघातानंतरचा पहिला आंतरराष्ट्रीय सामना थेट मार्च २०२१ मध्ये, ऑल इंग्लंडला.

१६. जवळपास वर्षभर न खेळता टोकियोत अव्वल मानांकन कसं मिळालं? आणि हरला कसा?

साथीमुळे महासंघाने मार्च २०२० मध्ये क्रमवारी गोठवली. कुणी खेळलंच नाही म्हणून कुणाचे गुण गेले नाहीत, आणि त्यामुळे मोमोता पहिलाच राहिला. प्रश्न १० मध्ये सांगितलेला ५२ आठवड्यांचा नियम इथे लागू झाला नाही. २०१७ मध्ये त्याच नियमाने त्याला तळाला नेलं होतं, २०२० मध्ये तो थांबवला गेल्याने त्याचा क्रमांक वाचला.

टोकियोत एकेरीचे गट तीन-तीन खेळाडूंचे होते आणि गटातला फक्त पहिला पुढे जाणार होता. त्यामुळे एक पराभव म्हणजे घरी. अमेरिकेच्या टिमोथी लॅमला त्याने हरवलं, पण २८ जुलैला कोरियाच्या हो क्वांग-हीने १५-२१, १९-२१ असं बाहेर काढलं. क्वांग-ही तेव्हा क्रमवारीत ३८ वा होता. स्टेडियम रिकामं, घरचं ऑलिम्पिक असून टाळी वाजवायला कुणी नाही. अव्वल मानांकिताच्या गटातला विजेता थेट उपांत्यपूर्व फेरीत जाणार होता, ती जागा क्वांग-हीला मिळाली आणि तिथे ग्वाटेमालाच्या केव्हिन कॉर्डनने त्याला गारद केलं.

दडपण होतं हे मोमोताने मान्य केलं. सामना पाहिला तर आणखी एक दिसतं: नेटजवळचं ते थांबणं गायब आहे. फटका घाईने सुटतो आहे.

१७. ॲक्सेलसेन आणि मोमोता यांच्यात सरस कोण?

कोणत्या वर्षी, ते आधी सांगा. ऑक्टोबर २०२१ पर्यंतच्या १५ लढतींत ॲक्सेलसेनला फक्त एक जिंकता आली होती. २०१९ च्या ऑल इंग्लंड फायनलमध्येही मोमोताच जिंकला (२१-११, १५-२१, २१-१५) आणि त्या स्पर्धेची पुरुष एकेरी जिंकणारा पहिला जपानी ठरला. मग ऑक्टोबर २०२१ मध्ये डेन्मार्क ओपनच्या फायनलला मोमोताने पहिला गेम २२-२० घेतला, पुढचे दोन ॲक्सेलसेनने. तिथून पारडं फिरलं ते फिरलंच. वर्षअखेरीस पहिला क्रमांकही त्याच्याकडे गेला.

१८. आपल्या खेळाडूंनी त्याला कधी हरवलं का?

हरवलं आहे, पण त्याच्या बहराच्या काळात फारसं नाही. किदंबी श्रीकांतने सुरुवातीला त्याला हरवलं होतं. २०१८ नंतर मात्र तो मोमोतापुढे वारंवार अडला. २०१९ च्या बासेल जागतिक स्पर्धेत बी. साई प्रणीत उपांत्य फेरीत मोमोताकडून १३-२१, ८-२१ असा हरला. तरी त्या कांस्याचं मोल मोठं: १९८३ मध्ये प्रकाश पदुकोण यांना मिळालेल्या पदकानंतर पुरुष एकेरीतलं भारताचं ते पहिलं जागतिक पदक.

सगळ्यात आठवणीतला निकाल एच. एस. प्रणॉयचा. आधीच्या सातही लढती हरल्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये, टोकियोतच, जागतिक स्पर्धेच्या दुसऱ्या फेरीत त्याने मोमोताला २१-१७, २१-१६ असं हरवलं. आपल्याकडे जल्लोष झाला. प्रणॉय उत्तम खेळला यात शंका नाही, पण समोर २०१९ चा मोमोता नव्हता हेही नोंदवायला हवं.

१९. म्हणजे टोकियोनंतर तो संपलाच?

इतकं सरळ नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये बालीत इंडोनेशिया मास्टर्स जिंकलं, अंतिम सामन्यात अँटनसनला २१-१७, २१-११. अपघातानंतरचं ते पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद. मग पाठीच्या दुखण्यामुळे त्या डिसेंबरच्या जागतिक स्पर्धेतून माघार घेतली. २०२२ मध्ये मलेशिया ओपनची फायनल गाठली. मधेमधे पहिल्याच फेरीत बाहेर पडणंही चालू होतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये कोरिया मास्टर्स जिंकलं. वर्ल्ड टूरवरचं हे शेवटचं विजेतेपद.

२०. पॅरिसला का गेला नाही? निवृत्ती कशी घेतली?

एका देशाचे जास्तीत जास्त दोन पुरुष एकेरीत खेळू शकतात, तेही दोघं क्रमवारीत पुरेसे वर असतील तर. जपानतर्फे कोदाई नाराओका आणि केंता निशिमोतो पुढे होते. जागा उरली नाही. एप्रिल २०२४ मध्ये पत्रकार परिषदेत त्याने सांगितलं की अपघातानंतर मनाला वाटतं तसं शरीर हलत नाही, पुन्हा जगात पहिलं होण्याइतकी झेप आता उरलेली नाही. शेवटची आंतरराष्ट्रीय स्पर्धा चीनमधल्या चेंगदूचा थॉमस कप. म्हणजे सांघिक कारकिर्दीचं मोठं पर्व सुरू झालं थॉमस कपने आणि संपलंही तिथेच. बहुतेक सगळी वर्षं त्याच्या बाकावर मुख्य प्रशिक्षक एकच होते, कोरियाचे पार्क जू-बोंग. १९९२ च्या ऑलिम्पिकमधले दुहेरीचे सुवर्णविजेते.

२१. ऑलिम्पिक पदक नाही, मग त्याला महान म्हणायचं का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि त्यात बहुधा एक टोमणा असतो. रिओच्या वेळी बंदी, टोकियोच्या वेळी डोळा, पॅरिसच्या वेळी क्रमवारी. यातलं पहिलं पूर्णपणे त्याने स्वतः ओढवलेलं. ते माफ करायची गरज नाही. दुसऱ्याला तो जबाबदार नाही.

चीनच्या लिन डॅनशी तुलना केली तर मोमोता मागे पडतो: दोन ऑलिम्पिक सुवर्ण, पाच जागतिक विजेतीपदं आणि दशकभराचा दबदबा. ली चोंग वेईकडे तीन ऑलिम्पिक रौप्यं आहेत, पण एकही जागतिक विजेतेपद नाही; मोमोताकडे दोन आहेत. माझ्यापुरतं उत्तर असं: कारकीर्द म्हणून तो पहिल्या तीनांत बसत नाही. पण ऑगस्ट २०१८ ते जानेवारी २०२० हा तुकडा काढला, तर इतका वेळ इतक्या सातत्याने पुरुष एकेरीवर पकड ठेवणारे फार थोडे झाले. तो तुकडा मलेशियातल्या त्या रस्त्यावर तुटला. अपघात झाला नसता तर काय, यावर वाद घालायला मला आवडत नाही, कारण त्यात कुणीच हरत नाही.

२२. त्याचे सामने बघायचे आहेत. कुठून सुरू करू?

२०१९ ची चायना ओपन फायनल, गिंटिंगविरुद्ध. आक्रमण आणि बचाव यांची इतकी सरळ टक्कर क्वचित दिसते. मग बासेलची फायनल. प्रतिस्पर्धी हतबल होणं म्हणजे काय ते कळतं. २०१८ ची नानजिंग फायनल त्याच्या कारकिर्दीचं वळण म्हणून. वेळ असेल तर २०१४ च्या थॉमस कपमधला चोंग वेई फेंगविरुद्धचा सामना. दिल्लीतलं कोर्ट, दिल्लीतले प्रेक्षक आणि रंगवलेल्या केसांच्या आधीचा मोमोता.

डेन्मार्क ओपन २०२१ पाहायचीच असेल तर पहिला गेम नीट बघा, त्यात जुना मोमोता बराच वेळ सापडतो. जुलै २०२२ ची मलेशिया ओपन फायनल, ४-२१, ७-२१, सोडून दिलीत तरी चालेल. त्यात ॲक्सेलसेनबद्दल शिकण्यासारखं पुष्कळ आहे, मोमोताबद्दल काही नाही.